दोन खडकांवर अख्खा ग्रह उभा करणारा मारिओ बावा : भयपटांना वळण देणारा इटालियन दिग्दर्शक

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात चार पोरांचा एक बँड होता. नाव होतं 'अर्थ'. १९६९ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की, याच नावाचा आणखी एक बँड आहे. मग नव्या नावाची शोधाशोध सुरू झाली. त्यांच्या तालमीच्या जागेसमोरच्या थिएटरमध्ये एक इटालियन भयपट लागला होता. लोक पैसे मोजून घाबरून घ्यायला रांगेत उभे राहतात, हे पाहून पोरांनी त्या सिनेमाचंच नाव उचललं. तो बँड म्हणजे 'ब्लॅक सबाथ'. हेवी मेटल संगीताचा पाया घालणाऱ्यांत आज त्याचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं.

दुसरी गोष्ट १९७९ ची. रिडली स्कॉटच्या 'एलियन'मध्ये अंतराळवीरांना एका ओसाड ग्रहावर बंद पडलेलं यान सापडतं आणि आत माणसापेक्षा कितीतरी मोठ्या जिवाचा सांगाडा दिसतो. हुबेहूब असाच प्रसंग चौदा वर्षं आधी एका इटालियन सिनेमात येऊन गेला होता.

तिसरी गोष्ट १९८१ ची. 'फ्रायडे द थर्टीन्थ'च्या दुसऱ्या भागातले दोन खून पाहून भयपटांचे जुने चाहते चमकले. कारण तेच खून, जवळपास त्याच पद्धतीने, त्यांनी १९७१ च्या एका इटालियन सिनेमात पाहिले होते.

हे तिन्ही इटालियन सिनेमे एकाच माणसाचे आहेत. त्याचं नाव मारिओ बावा. नाव ओळखीचं वाटत नसेल तर त्यात नवल नाही. त्याच्या हयातीत इटलीतही त्याला मोठा दिग्दर्शक म्हणणारे फार थोडे होते. तो स्वतःसुद्धा आपण फक्त कारागीर आहोत असंच सांगायचा.

मूर्तिकाराच्या घरातला मुलगा

मारिओ बावाचा जन्म ३१ जुलै १९१४ चा, इटलीच्या किनाऱ्यावरच्या सानरेमो गावातला. वडील एउजेनिओ बावा मूळचे मूर्तिकार. पुढे ते मूकपटांच्या धंद्यात शिरले, कॅमेरामन झाले आणि ट्रिक सीन करण्यात तरबेज झाले. एवढ्याशा प्रतिकृतीचा मोठा राजवाडा कसा दाखवायचा, काचेवर रंगवलेलं चित्र खऱ्या सेटला कसं जोडायचं, हे सगळं मारिओने घरातच पाहिलं.

त्याला व्हायचं होतं चित्रकार. पण चित्रं काढून पोट भरेना, म्हणून तो वडिलांच्या हाताखाली कामाला लागला. सिनेमांची टायटल्स करायची, कॅमेरामनला मदत करायची, असं करत करत १९३९ च्या सुमारास तो स्वतंत्र कॅमेरामन झाला. रोबेर्तो रोसेलिनी हा पुढे जगभर गाजलेला दिग्दर्शक. त्याच्या सुरुवातीच्या लघुपटांवरही बावाने काम केलं.

त्यानंतरची वीसेक वर्षं तो दुसऱ्यांच्या सिनेमांसाठी कॅमेरा चालवत होता. 'हर्क्युलिस' हा १९५८ चा सिनेमा अमेरिकेतही तुफान चालला आणि इटलीत पिळदार शरीराच्या पौराणिक वीरांच्या सिनेमांची लाटच आली. त्या 'हर्क्युलिस'चा कॅमेरामन बावाच होता.

दुसऱ्याचे अर्धवट सिनेमे पूर्ण करणारा

१९५६ साली दिग्दर्शक रिकार्दो फ्रेडाने निर्मात्यांना शब्द दिला की, तो बारा दिवसांत एक भयपट काढून दाखवेल. सिनेमाचं नाव होतं 'इ वाम्पिरी'. दहा दिवस झाल्यावर फ्रेडाचं निर्मात्यांशी बिनसलं आणि तो निघून गेला. उरलेलं काम कॅमेरामन बावाने दोन दिवसांत उरकलं. १९५७ मध्ये प्रदर्शित झालेला हा सिनेमा इटलीतल्या बोलपटांच्या काळातला पहिला भयपट मानला जातो.

या सिनेमात एक सुंदर बाई कॅमेऱ्यासमोर बघता बघता म्हातारी होते. मध्ये कुठेही कट नाही. हे कसं केलं असेल?

युक्ती साधी होती. नटीच्या चेहऱ्यावर लाल रंगाने सुरकुत्या काढल्या. चेहऱ्यावर लाल उजेड टाकला की लाल रेघा त्यात मिसळून जातात आणि त्वचा नितळ दिसते. मग हळूहळू लाल उजेड काढून हिरव्या-निळ्या छटेचा उजेड आणला की त्याच रेघा काळ्या होऊन उठून दिसतात. सिनेमा कृष्णधवल असल्यामुळे उजेडाचा रंग बदललेला प्रेक्षकाला कळतच नाही. त्याला फक्त म्हातारा होत जाणारा चेहरा दिसतो. ही युक्ती बावाच्या आधीही हॉलिवूडमध्ये वापरली गेली होती, पण बावाचा हात तिच्यावर चांगलाच बसला होता.

१९५९ मध्ये पुन्हा तेच घडलं. 'काल्तिकी' या सिनेमाचं चित्रीकरण फ्रेडाने मध्येच सोडलं आणि ते बावाने पूर्ण केलं. यातला राक्षस म्हणजे माणसांना गिळत जाणारा एक लिबलिबीत गोळा. तो बनवला होता जनावराच्या पोटातल्या वजडीपासून. त्याच वर्षी 'जायंट ऑफ मॅरेथॉन' हा मोठा सिनेमा अडकला, तोही बावानेच मार्गी लावला.

वारंवार संकटातून सोडवणाऱ्या या माणसाची परतफेड म्हणून निर्मात्यांनी त्याला सांगितलं, आता तुला हवा तो सिनेमा काढ.

छेचाळिसाव्या वर्षी पहिला सिनेमा

बावाने निकोलाय गोगोल या लेखकाची 'वी' ही गोष्ट निवडली. पडद्यावर येईपर्यंत मूळ गोष्टीतलं फारसं काही उरलं नाही. राहिली ती चेटकीण आणि तिचा सूड. ऑगस्ट १९६० मध्ये इटलीत प्रदर्शित झालेला हा सिनेमा इंग्रजीत 'ब्लॅक संडे' म्हणून ओळखला जातो.

सुरुवातीचाच प्रसंग अंगावर येतो. चेटकीण ठरवलेल्या बाईला खांबाला बांधलेलं आहे. आतल्या बाजूने अणकुचीदार खिळे असलेला धातूचा मुखवटा तिच्या चेहऱ्याकडे आणला जातो आणि हातोड्याच्या एका घावात ठोकला जातो. दोनशे वर्षांनी ती बाई थडग्यातून उठते. चेटकीण आणि तिच्यासारखीच दिसणारी तिच्या वंशातली मुलगी या दोन्ही भूमिका बार्बरा स्टील या इंग्लिश नटीने केल्या. या एका सिनेमाने तिला भयपटांची राणी करून टाकलं.

कॅमेराही बावाचाच होता. धुकं, ओसाड दफनभूमी, किल्ल्यातल्या लांबच लांब सावल्या, सगळं काळ्या-पांढऱ्या रंगात. अमेरिकेत हा सिनेमा काही दृश्यं कापून आणि संगीत बदलून दाखवला गेला, तरी चालला. ब्रिटनच्या सेन्सॉरने तर तो अडवलाच. तिथल्या प्रेक्षकांना तो बघायला १९६८ पर्यंत थांबावं लागलं.

पिवळ्या पुस्तकांतून निघालेला खुनी

इटालियन भाषेत 'जाल्लो' म्हणजे पिवळा. मोन्दादोरी ही तिथली मोठी प्रकाशन संस्था. १९२९ पासून ती खून-तपासाच्या कादंबऱ्या पिवळ्या मुखपृष्ठात छापू लागली. त्या एवढ्या खपल्या की रहस्यकथेलाच लोक 'जाल्लो' म्हणू लागले. पुढे याच नावाने सिनेमांचा एक प्रकार जन्माला आला आणि त्याची सुरुवात बावापासून धरली जाते.

१९६३ चा 'द गर्ल हू न्यू टू मच' हा पहिला जाल्लो सिनेमा मानला जातो. रहस्यकथांची वेडी असलेली एक अमेरिकन तरुणी रोमला येते आणि स्पॅनिश स्टेप्स या प्रसिद्ध पायऱ्यांजवळ रात्री तिला खून होताना दिसतो. आपण नेमकं काय पाहिलं, याची तिलाच खात्री देता येत नाही.

पण या प्रकाराला त्याचं खरं रूप दिलं ते १९६४ च्या 'ब्लड अँड ब्लॅक लेस'ने. रोममधल्या एका फॅशन हाऊसमध्ये मॉडेल मुलींचे एकामागून एक खून होत आहेत. खुन्याच्या अंगात रेनकोट, डोक्यावर हॅट, हातात काळे हातमोजे आणि चेहऱ्यावर नाक-डोळे नसलेला पांढरा मुखवटा. आज हे सगळं ओळखीचं वाटतं, कारण पुढच्या वीस वर्षांत शेकडो सिनेमांनी ते वापरलं.

त्यातही वेगळे होते ते रंग. लाल, हिरवा, जांभळा उजेड एकाच खोलीत वेगवेगळ्या कोपऱ्यांतून येतो. जांभळा दिवा खोलीत नेमका कुठे आहे, हे विचारायचं नाही. बावाला उजेड खरा वाटायला नको होता. त्याला प्रेक्षकाची बेचैनी हवी होती. आणि एवढ्या देखण्या दृश्यांसाठी हाताशी काय होतं? कॅमेरा गुळगुळीत सरकवण्यासाठी लहान मुलांच्या खेळण्यातली गाडी वापरली, अशी आठवण त्या सेटवरच्या लोकांनी सांगितली आहे.

या सिनेमावर एक टीकाही होते आणि ती सोडून देण्यासारखी नाही. बायकांचे खून इतके सुंदर करून दाखवायचे का? बावानंतर आलेल्या अनेक दिग्दर्शकांनी ती सजावट तेवढी उचलली आणि जाल्लो सिनेमात बाईवरचा हिंसाचार ही नेहमीची गोष्ट होऊन बसली. बावाचा प्रभाव मोजताना ही बाजूही त्याच्याच खात्यात येते.

दोन खडक आणि भरपूर धूर

आता वळूया 'एलियन'च्या आधीच्या त्या सिनेमाकडे. १९६५ चा 'प्लॅनेट ऑफ द व्हॅम्पायर्स'. दोन यानं एका अनोळखी ग्रहावर उतरतात आणि तिथल्या अदृश्य शक्ती मेलेल्या अंतराळवीरांच्या शरीरांत शिरतात. सगळी गोष्ट परग्रहावर घडते आणि तो ग्रह उभा करायला पैसे नव्हते.

बावाने नंतर सांगितलं होतं की, त्याच्याकडे होते फक्त दोन प्लास्टिकचे खडक. तेही आधीच्या कुठल्यातरी पौराणिक सिनेमाच्या सेटवरून उरलेले. मग त्याने आरसे लावून त्या दोन खडकांचे अनेक खडक केले. स्टुडिओ रिकामा दिसू नये म्हणून जमिनीवर दाट धूर सोडला आणि त्या धुरावर लाल, निळा, हिरवा उजेड टाकला. पडद्यावर जो ग्रह दिसतो तो खदखदणारा, अथांग आणि परका आहे.

तो एवढा खरा का वाटतो? कारण धूर फक्त लपवण्याचं काम करत नाही. पलीकडे काय आहे ते दिसत नाही, म्हणून प्रेक्षकाचं मन ती जागा भरून काढतं. सेट कितीही महागडा असला तरी मनात तयार झालेल्या जागेएवढा मोठा कधीच नसतो. बावाच्या जवळपास सगळ्या कामाचं मर्म यात आहे.

'एलियन'शी असलेल्या साम्याची चर्चा वर्षानुवर्षं होत राहिली. 'एलियन'चा लेखक डॅन ओ'बॅनन याने पुढे त्या महाकाय सांगाड्याचं ऋण मान्यही केलं.

पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये आलेल्या 'किल, बेबी... किल!'चे पैसे तर चित्रीकरण चालू असतानाच संपले. तरीही कलाकारांनी आणि तंत्रज्ञांनी काम सोडलं नाही. या सिनेमात पांढऱ्या कपड्यांतली एक लहान मुलगी चेंडू खेळत येते आणि ती ज्याला दिसते तो मरतो. गंमत म्हणजे ही भुताची भूमिका एका मुलाने केली होती. दोन वर्षांनी जगप्रसिद्ध दिग्दर्शक फेडेरिको फेलिनीने आपल्या 'टोबी डॅमिट' या लघुपटात सैतान दाखवला, तो चेंडू घेऊन येणाऱ्या लहान मुलीच्या रूपात.

पैसा मिळाला तेव्हा काय केलं?

असं वाटेल की, या माणसाला कुणी भरपूर पैसे दिले असते तर त्याने काय केलं नसतं! ती संधीही आली. 'डायबोलिक' हे आंजेला आणि लुचाना जुसानी या दोन बहिणींनी १९६२ मध्ये सुरू केलेलं इटलीतलं तुफान लोकप्रिय कॉमिक. त्यावर सिनेमा काढायला बडा निर्माता दिनो दे लॉरेंतीसने बावाला बोलावलं.

१९६८ मध्ये आलेल्या 'डेंजर : डायबोलिक'मध्ये चोराचा जमिनीखालचा आलिशान अड्डा दिसतो. त्यातला मोठा भाग प्रत्यक्षात कधी बांधलाच नव्हता. कॅमेऱ्यासमोर काच उभी करायची, तिच्यावर हवं ते चित्र रंगवायचं किंवा मासिकातून कापलेलं छायाचित्र चिकटवायचं आणि काचेच्या मोकळ्या भागातून मागचे खरे नट दाखवायचे. वडिलांच्या काळातली ही युक्ती त्याने इथेही वापरली. निर्मात्याने देऊ केलेल्या पैशातला बराचसा भाग त्याने खर्चच केला नाही.

दे लॉरेंतीसला दुसरा भाग हवा होता. बावाने नकार दिला. मोठ्या निर्मात्याचं सतत लक्ष आणि ढवळाढवळ त्याला मानवणारी नव्हती. छोट्या सिनेमात पैसे नसले तरी कॅमेरा त्याच्या ताब्यात असायचा.

तेरा खून आणि चार फांद्या

१९७१ चा 'अ बे ऑफ ब्लड' म्हणजे आजच्या 'स्लॅशर' सिनेमांचा थेट पूर्वज. खाडीकाठच्या एका मालमत्तेवरून तेरा जणांचे खून पडतात. कॅमेरा पुन्हा बावाच्याच हातात. रक्ताचे आणि जखमांचे इफेक्ट्स कार्लो राम्बाल्दीचे. याच राम्बाल्दीला पुढे 'एलियन' आणि 'ई. टी.'साठी ऑस्कर मिळालं.

गोष्टीत दाट जंगल हवं होतं आणि चित्रीकरणाच्या जागी झाडं होती मोजकीच. बावाने लोकांच्या हातात फांद्या देऊन त्या कॅमेऱ्यासमोर हलवायला लावल्या. पडद्यावर रान दिसलं.

दहा वर्षांनी 'फ्रायडे द थर्टीन्थ'च्या दुसऱ्या भागात चेहऱ्यावर बसलेला कोयता आणि पलंगावरच्या जोडप्याच्या आरपार गेलेला भाला दिसला, तो याच सिनेमातला. फरक एवढाच की, बावाच्या सिनेमात खून करणारे राक्षस किंवा वेडे नाहीत. ती जमिनीच्या हावेने एकमेकांचा काटा काढणारी साधी माणसं आहेत.

ज्या दोन सिनेमांनी त्याला हरवलं

थोड्या पैशात काम करण्याची एक किंमत होती. सिनेमा बावाचा असायचा, पण मालकी दुसऱ्याची. ती किंमत त्याला सत्तरच्या दशकात मोजावी लागली.

निर्माता आल्फ्रेडो लेओनेने एकदा त्याला पूर्ण मोकळीक दिली. त्यातून १९७३ मध्ये 'लीसा अँड द डेव्हिल' तयार झाला. स्वप्नासारखा संथ आणि उदास सिनेमा. एक पर्यटक तरुणी जुन्या शहराच्या गल्ल्यांत वाट चुकते आणि सैतानासारख्या दिसणाऱ्या नोकराच्या वाड्यात जाऊन पोचते. त्या वर्षी तो कानमध्ये दाखवला गेला, पण विकत घ्यायला कुणी पुढे आलं नाही.

तेवढ्यात अमेरिकेत 'द एक्सॉर्सिस्ट' आला आणि त्याने गल्ला भरला. निर्मात्याने ठरवलं, आपल्याही सिनेमात भूतबाधा आणि पाद्री घालायचे. नवी दृश्यं चित्रित झाली, जुनी कापली गेली. त्यातली शिवीगाळ आणि अश्लीलता बावाला पटली नाही आणि तो बाजूला झाला. १९७५ मध्ये हा तोडूनमोडून जोडलेला सिनेमा 'द हाऊस ऑफ एक्सॉर्सिझम' नावाने बाहेर आला. दिग्दर्शकाच्या जागी नाव होतं मिकी लायन. त्या नावाचा कुणी दिग्दर्शकच नव्हता.

दुसरा घाव १९७४ चा. 'रॅबिड डॉग्ज' या सिनेमात ना भुतं होती ना रंगीत उजेड. दरोडा घालून पळालेले गुंड, ओलीस धरलेली माणसं, एक गाडी आणि भर उन्हाळा. जवळपास सगळा सिनेमा त्या गाडीतच घडतो. आपण वेगळंही काही करू शकतो, हे साठीच्या बावाला दाखवायचं होतं. चित्रीकरण जवळजवळ संपलं आणि निर्मात्याचं दिवाळं निघालं. फिल्म जप्त झाली आणि वर्षानुवर्षं कायद्याच्या कचाट्यात पडून राहिली. ती लोकांसमोर आली नव्वदच्या दशकात. सिनेमातल्या एका नटीने त्यासाठी पाठपुरावा केला होता. बावाला तो पूर्ण झालेला कधीच पाहता आला नाही.

शेवटच्या युक्त्या

१९७७ चा 'शॉक' हा त्याचा थिएटरसाठीचा शेवटचा सिनेमा. मुलगा लाम्बेर्तो बावा त्यात त्याच्या मदतीला होता. यातला एक प्रसंग आजही सोशल मीडियावर क्लिप म्हणून फिरतो. लहान मुलगा लांब बोळातून आईकडे धावत येतो आणि अगदी जवळ आल्यावर त्याच्या जागी एकदम तिचा मेलेला नवरा उभा राहतो. कट नाही, कम्प्युटर तर नाहीच. मुलगा जवळ आला की कॅमेऱ्याच्या नजरेखाली वाकतो आणि तिथे आधीच दबा धरून बसलेला मोठा नट त्याच क्षणी वर येतो. बस, एवढंच.

१९८० मध्ये दारिओ अर्जेंतोच्या 'इन्फर्नो'साठीही त्याने काही ट्रिक सीन केले. त्यातली न्यूयॉर्कच्या इमारतींची रांग त्याने दुधाच्या खोक्यांवर छायाचित्रं चिकटवून उभी केली, असं सांगितलं जातं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, वयाच्या ६५ व्या वर्षी, रोममध्ये हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला.

मागे काय राहिलं?

सगळ्यात आधी राहिला तो अर्जेंतो. १९७० च्या त्याच्या पहिल्या सिनेमातला काळ्या हातमोज्यांचा खुनी आणि १९७७ च्या 'सस्पिरिया'तले भडक लाल-निळे रंग बावाच्या घरातून आलेले आहेत. अर्जेंतोला जगभर प्रसिद्धी मिळाली आणि ती वाट दाखवणारा मागे राहिला.

मग आली अमेरिकेतली पिढी. टिम बर्टनच्या 'स्लीपी हॉलो'त 'ब्लॅक संडे'च्या खुणा स्पष्ट दिसतात. मार्टिन स्कॉर्सेसीने २००७ साली निघालेल्या बावावरच्या एका जाडजूड ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. 'बीस्टी बॉईज'च्या 'बॉडी मूव्हिन' गाण्याच्या व्हिडिओत तर थेट 'डायबोलिक'ची नक्कल आहे.

बावाच्या सिनेमांत सगळंच उत्तम होतं असं नाही. कथा अनेकदा विसविशीत, काही सिनेमे नुसतेच पोटासाठी केलेले. तोही ते हसत मान्य करायचा आणि आपल्या कामाची थट्टा करायचा.

१९७३ मध्ये ज्या कानमध्ये त्याच्या आवडत्या सिनेमाला गिऱ्हाईक मिळालं नाही, त्याच कान महोत्सवाच्या अभिजात चित्रपटांच्या विभागात २०१६ मध्ये 'प्लॅनेट ऑफ द व्हॅम्पायर्स'ची नव्याने दुरुस्त केलेली प्रत दाखवली गेली. तोपर्यंत बावाला जाऊन छत्तीस वर्षं झाली होती. पडद्यावर मात्र तोच धूर होता, तोच रंगीत उजेड होता आणि त्या उजेडात दोन प्लास्टिकचे खडक अजूनही अख्खा ग्रह होऊन उभे होते.